डॉक्टरांचा नवा चष्मा

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चोपडे येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



न्यासाच्या महोत्सवी वर्षात चार शब्द बोलण्याचा मान आपण मजसारख्या निवृत्त शल्यवैद्याला दिलात. माणूस बाहेर कितीही हिंडला तरी स्वतःच्या गावात बोलावयाचे म्हटले की त्याची जीभ थोडी अडखळतेच. मला लहानपणी शापोरा नदीत डुंबताना पाहिलेली एकदोन माणसे येथे पुढच्याच बाकावर बसली आहेत. त्यांच्यापुढे विद्वत्तेचा आव आणून माझा निभाव लागावयाचा नाही. तेव्हा मला जे ठाऊक आहे ते साध्या शब्दांत सांगण्याचा मी यथामति प्रयत्न करणार आहे.

विषय मी निवडलेला नाही. दोन महिन्यांपूर्वी आपले दोघे तरुण विश्वस्त माझ्याकडे आले. महोत्सवी निधीतून आपल्या धर्मादाय दवाखान्यासाठी ‘स्मार्ट चष्मा’ घ्यावा, अशी त्यांची सूचना होती. परिचारिकेने तो डोळ्यांवर चढवला की तिला जे दिसते ते बांबोळीच्या किंवा मुंबईच्या तज्ज्ञाला तेथे बसून दिसेल, आणि तो तिला तेथूनच सल्ला देईल, असे त्यांनी मला समजावून सांगितले. मंडळातील काही वडील सभासदांचे मत उलट होते. त्यांच्या मते हे श्रीमंतांचे खेळणे असून धर्माचा पैसा असल्या नादात घालू नये. दोन्ही बाजूंनी अखेर एकच वाक्य ऐकावयास मिळाले, “डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा.” आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी एक जुनी हकीगत सांगावीशी वाटते. ती सांगितल्यावाचून माझे मत तुम्हांला नीट कळावयाचे नाही.

गोवा मुक्त होण्यापूर्वी दोनतीन वर्षांची गोष्ट असेल. मी आठनऊ वर्षांचा होतो. माझे धाकटे काका नारळ पाडावयास स्वतःच माडावर चढत. त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. वरून पाय घसरला आणि काका पाठीवर आपटले. शुद्ध होती, बोलत होते, “पाय जड झाले आहेत” असे म्हणत होते. आरडाओरडा ऐकून सगळा वाडा धावून आला. कोणी त्यांना बगलेत हात घालून उठवून बसवले, कोणी पाणी पाजले, कोणी पाठीला तेल चोळले. मग त्यांना एका खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन, बांधावरून हिसके बसत नदीपर्यंत नेले. होडीने शिवोलीचा काठ गाठला, तेथून पुढे म्हापशास. काका पुढे एकोणीस वर्षे जगले. पण ते पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

मी वैद्यकाच्या दुसऱ्या वर्षाला असताना पाठीच्या कण्यावरील धडा वाचला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कण्याचा मणका मोडला असेल तर माणसाला बसवू नये, वाकवू नये. फळीवर सपाट निजवावे, मान व पाठ एका रेषेत ठेवावी आणि तसेच उचलून न्यावे. मोडलेला मणका हलला की आतील मज्जारज्जू चेपला जातो, आणि एकदा चेपलेला मज्जारज्जू सहसा पूर्ववत होत नाही. काकांचे नुकसान पडतानाच झाले होते की खुर्चीत, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण खुर्ची उचलणाऱ्यांत माझे वडीलही होते. त्यांना हे मी कधीही सांगितले नाही.

ही गोष्ट मी कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. सर्वांनी मायेनेच केले. त्या पहिल्या पाव तासात काकांना मोठ्या शल्यविशारदाची गरज नव्हती. “उठवू नका, फळी आणा” एवढे चार शब्द सांगणाऱ्या जाणत्या माणसाची गरज होती, आणि असा जाणता तेव्हा नदीच्या पलीकडे होता. आज येथे पूल आहे, रुग्णवाहिका आहेत, खिशाखिशात फोन आहेत. तरीही जाणत्याची नजर अपघाताच्या जागी वेळेवर पोहोचते का, हा प्रश्न तसाच उभा आहे. नवा चष्मा या प्रश्नाला किती उपयोगी पडतो, हेच आपल्याला पाहावयाचे आहे.

हा चष्मा म्हणजे काय?

डॉक्टरांनी डोक्यावर काहीतरी बांधणे ही नवी गोष्ट नव्हे. मध्ये भोक असलेला गोल आरसा कपाळावर लावून कान-नाक-घशाचे डॉक्टर तपासत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. बारीक रक्तवाहिन्या शिवताना आम्ही शल्यवैद्य चष्म्यावर भिंगे बसवून घेतो. या साधनांनी डॉक्टरांना समोरचे अधिक उजळ किंवा अधिक मोठे दिसे. समोर नसलेली वस्तू मात्र ती दाखवू शकत नसत.

ती दाखविण्याची खटपट अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये केली. त्यांचे डोक्यावर चढवावयाचे यंत्र इतके अवजड होते की त्याचा सांगाडा छताला टांगावा लागे. पुढे यंत्रे लहान होत गेली, आणि २०१३ मध्ये गूगल कंपनीने ‘गूगल ग्लास’ नावाचा चष्मा निवडक लोकांना १,५०० डॉलरला दिला. त्याच्या दांडीत एक छोटा कॅमेरा, एक ध्वनिग्राहक आणि एक इवलासा संगणक होता. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेचा एक लोलक असे आणि त्यात अक्षरे व चित्रे उमटत. घालणाऱ्याला समोरचा माणूसही दिसे आणि कोपऱ्यातील चित्रही. हुकूम तोंडाने द्यावयाचा, बोटाने दांडीला स्पर्श करावयाचा, किंवा नुसती मान वर करावयाची.

दुसऱ्या जातीचा चष्मा याहून मोठा असतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘होलोलेन्स’ हा २०१६ मध्ये आला. त्याचे वजन अर्ध्या किलोहून अधिक, म्हणजे चष्मा म्हणण्यापेक्षा त्याला शिरस्त्राण म्हणणेच बरे. तो समोरच्या खऱ्या जागेत त्रिमितीचे चित्र उभे करतो. समोर टेबल असेल तर त्या टेबलावर यकृत ठेवले आहे असे दिसेल, आणि तुम्ही टेबलाभोवती फिरलात तर त्या यकृताची मागची बाजूही दिसेल. पहिल्या जातीचा चष्मा मुख्यतः नजर दूर पोहोचविण्याच्या कामाचा आहे, तर दुसऱ्या जातीचा शरीराच्या आतले दाखविण्याच्या कामाचा.

शस्त्रक्रियागृहात त्याचे काम

शल्यवैद्याची एक अडचण बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. एकदा हात निर्जंतुक करून हातमोजे घातले की त्याला कशालाही स्पर्श करता येत नाही. क्ष-किरण चित्र पाहावयाचे तर मान वळवून भिंतीकडे पाहावे लागते, कोणाला विचारावयाचे तर दुसऱ्याने कानाशी फोन धरावा लागतो. म्हणून हात न लावता चालणारे हे यंत्र निघताच शल्यवैद्यांनी ते उचलले. २०१३ च्या जून महिन्यात अमेरिकेतील मेन राज्यात डॉ. राफाएल ग्रॉसमन यांनी ते घालून शस्त्रक्रिया केली. आपल्या देशातही फार उशीर झाला नाही. त्याच वर्षी चेन्नईच्या लाइफलाइन इस्पितळात डॉ. जे. एस. राजकुमार यांनी, आणि २०१४ च्या जानेवारीत जयपूर येथील परिषदेत अमेरिकेहून आलेले पायाच्या हाडांचे तज्ज्ञ डॉ. सेलीन पारेख यांनी हा चष्मा शस्त्रक्रियेत वापरला.

शिकविण्याच्या कामी तर त्याचा फार उपयोग झाला. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा शस्त्रक्रिया पाहावयास टेबलाभोवती दाटी करीत असू, आणि मागच्यांना सरांच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. २०१४ मध्ये लंडनच्या रॉयल लंडन इस्पितळात डॉ. शफी अहमद यांनी चष्मा लावून कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, ती शंभराहून अधिक देशांतील सुमारे १३,००० विद्यार्थ्यांनी सरांच्याच डोळ्यांनी पाहिली, आणि शस्त्रक्रिया चालू असता त्यांना प्रश्नही विचारले.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथले उदाहरण. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये तेथे डॉ. ब्रेंट पॉन्स हे खांद्याचा सांधा बदलीत होते. अटलांटा शहरी बसलेले डॉ. फणी दंतुलुरी यांना त्यांच्या चष्म्यातून ती जखम दिसत होती. इतकेच नव्हे, तर दंतुलुरींनी आपला हात आपल्या पडद्यापुढे धरला की तो पॉन्स यांच्या चष्म्यात, जखमेच्या चित्रावर, छायेसारखा दिसे. “येथे नव्हे, जरा वर” असे बोट ठेवून सांगता येत होते. गुरूने शिष्याचा हात धरून शिकवावे तसाच हा प्रकार होता, फक्त दोघे दोन शहरांत होते.

यातला एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. २०१७ मध्ये लंडनला डॉ. शफी अहमद यांच्यापुढे आतड्याच्या कर्करोगाचा एक रुग्ण होता. त्या वेळी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील पोटाच्या कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. शैलेश श्रीखंडे आणि लंडनमधलेच दुसऱ्या इस्पितळातले डॉ. हितेश पटेल हे होलोलेन्स घालून या विचारविनिमयात सामील झाले. प्रत्येकाला इतर दोघांच्या आकृती आपल्या शेजारी उभ्या दिसत होत्या, आणि रुग्णाच्या स्कॅनवरून बनविलेले गाठीचे त्रिमिती चित्र तिघांच्या मध्ये होते. परळच्या डॉक्टरांचा सल्ला लंडनने घ्यावा, ही मराठी माणसाला सुखावणारी गोष्ट खरीच. पण एरवी ज्ञान पश्चिमेकडूनच यावयाचे असे आपण धरून चालतो, ती समजूत चुकीची असल्याचे यावरून दिसते. जेथे रोज शेकडो रुग्ण येतात, तेथेच तज्ज्ञ घडतात.

आता पाठीच्या कण्याकडे येतो. हा विषय माझ्या घरचाच आहे. मोडलेला मणका स्थिर करावयाचा तर त्यात स्क्रू बसवावे लागतात. ज्या वाटेने स्क्रू जावयाचा ती वाट मणक्याच्या बारीकशा हाडातून जाते, आणि शेजारीच मज्जारज्जू असतो. शल्यवैद्याला वरून फक्त हाडाचा पृष्ठभाग दिसतो, आतले अंदाजाने व अनुभवाने जाणावयाचे. पडद्यावर वाट दाखविणारी यंत्रे आधीपासून आहेत, पण त्यासाठी डोळे जखमेवरून उचलून पडद्याकडे न्यावे लागतात. ‘एक्सव्हिजन’ नावाच्या चष्म्याला अमेरिकेत २०१९ च्या डिसेंबरमध्ये सरकारी मान्यता मिळाली, आणि २०२० च्या जूनमध्ये जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात डॉ. टिमोथी विदम यांनी तो वापरून कण्याची शस्त्रक्रिया केली. यात रुग्णाच्या सी. टी. स्कॅनचे चित्र त्याच्या पाठीवर नेमके बसवून दाखविले जाते. कातडी व स्नायू जणू पारदर्शक व्हावेत आणि आतला कणा दिसावा, तसा अनुभव येतो. हाड न हलणारे असते, म्हणून हे साधते. पोटातील मऊ अवयव श्वासाबरोबर सरकतात, तेथे चित्र आणि वस्तुस्थिती यांचा मेळ राखणे अजूनही कठीण आहे.

याखेरीज आणखी एक शोध सांगतो. सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठात, मूळचे नायजेरियाचे शास्त्रज्ञ डॉ. सॅम्युएल अचिलेफू यांनी असा चष्मा बनविला की रुग्णाला टोचलेले रंगद्रव्य कर्करोगाच्या गाठीत साचते आणि चष्म्यातून तेवढाच भाग चमकताना दिसतो. २०१४ मध्ये तो प्रथम शस्त्रक्रियेत वापरला गेला. गाठ कोठे संपते आणि निरोगी मांस कोठे सुरू होते, हे साध्या डोळ्यांना दिसत नाही. ते दिसू लागले तर ‘थोडी गाठ राहिली, पुन्हा शस्त्रक्रिया’ हा प्रसंग टळेल. कोविडच्या साथीत, २०२० मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात एकच डॉक्टर होलोलेन्स लावून रुग्णांजवळ जाई आणि बाकीचे दुसऱ्या खोलीतून पाहत व बोलत. त्यामुळे संसर्गाचा धोका अनेकांऐवजी एकालाच पत्करावा लागे. अंधांना छापील मजकूर वाचून दाखविणारे चष्मेही निघाले आहेत. त्यांचा विचार आपल्या न्यासाने स्वतंत्रपणे करावा.

दुसरी बाजू

येथवर ऐकून तरुण मंडळींचे चेहरे फुललेले मला दिसताहेत. पण औषधाचा गुण सांगावा तसा अपायही सांगावा, हा आमच्या धंद्याचा धर्म आहे.

पहिली गोष्ट अशी की डोळ्यांपुढे अधिक आले म्हणजे माणसाला अधिक दिसते, असे नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये गाठी शोधण्याचे काम २४ निष्णात क्ष-किरणतज्ज्ञांना दिले, आणि एका स्कॅनमध्ये मुद्दाम गोरिलाचे चित्र घातले. ते चित्र नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे होते. २४ पैकी २० जणांना गोरिला दिसलाच नाही! ते निष्काळजी नव्हते. लक्ष एका गोष्टीवर खिळले की दुसरी समोर असूनही नजरेतून निसटते, हा मनाचा स्वभाव आहे. चष्म्यात झळकणारे चित्र शल्यवैद्याचे लक्ष असे बांधून टाकू शकते, आणि त्याच वेळी जखमेत रक्त वाहू लागलेले त्याच्या ध्यानी येणार नाही.

दुसरी गोष्ट रुग्णाच्या लज्जेची व विश्वासाची. दवाखान्यात माणूस जे उघडे करतो ते सख्ख्या भावासमोरही करीत नाही. परिचारिकेच्या डोळ्यांवर कॅमेरा आहे, पलीकडे कोण पाहत आहे, चित्र साठवले जात आहे की नाही, हे त्याला आधी समजावून सांगितले पाहिजे आणि त्याची संमती घेतली पाहिजे. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याबाबत आपल्या देशात २०२० च्या मार्चमध्ये नियम घालून दिले गेले. सल्ला देणारा डॉक्टर नोंदणीकृत असावा, रुग्णाची संमती असावी, नोंद ठेवली जावी, अशी त्यांतील मुख्य कलमे आहेत. आपले गाव लहान आहे. येथे सकाळी दवाखान्यात गेलेली गोष्ट संध्याकाळी देवळाच्या पारावर पोहोचते. एकदा जरी एखाद्या लेकीसुनेचे चित्र बाहेर गेले, तर पन्नास वर्षांत मिळविलेला न्यासाचा विश्वास एका दिवसात जाईल.

तिसरी गोष्ट पैशाची. ज्या गूगल ग्लासबद्दल मी एवढे सांगितले, त्याची सर्वसाधारण विक्री २०१५ मध्ये थांबली. पुढे उद्योगांसाठी त्याची निराळी आवृत्ती निघाली, तिचीही विक्री २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाली. होलोलेन्सचे उत्पादनही २०२४ मध्ये थांबले. जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांनी काढलेली यंत्रे दहाबारा वर्षांत बाजारातून गेली. विद्या मात्र नाहीशी झाली नाही, दुसऱ्या कंपन्यांचे चष्मे येत आहेत आणि येतील. पण दवाखान्याची खाट पन्नास वर्षे टिकते त्या हिशेबाने हे यंत्र विकत घेऊ नये. दात्याच्या नावाची पाटी लावलेले आणि कपाटात मरून पडलेले यंत्र मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. दात्याचा तो अपमानच होय.

आपल्या भूमीतला दाखला

मग दूरची नजर आपल्या उपयोगाची नाही काय? आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या गोव्यातच आहे. २०१८ च्या डिसेंबरपासून सरकारने हृदयविकाराच्या झटक्यासाठी ‘स्टेमी’ योजना सुरू केली. छातीत दुखत असलेला माणूस जवळच्या लहान इस्पितळात गेला की तेथे त्याचा हृदयालेख काढतात. तो आलेख तत्काळ दूर बसलेल्या तज्ज्ञांकडे जातो. झटका आहे असे ठरले तर रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तेथल्या तेथेच देतात, आणि मग रुग्णाला बांबोळीस गोमेकॉमध्ये नेतात. पूर्वी तासभर वाटेत जाई आणि त्या तासात हृदयाचा स्नायू मरत असे. आता औषध रुग्णापर्यंत आधी पोहोचते. यात कोणाच्याही डोळ्यांवर चष्मा नाही. कागदावरची एक वाकडीतिकडी रेघ दूर जाते, एवढेच. पण अलीकडे ती रेघ नीट काढणारी परिचारिका आहे, पलीकडे ती वाचणारा जागा तज्ज्ञ आहे, औषध कपाटात आहे आणि रुग्णवाहिका दाराशी आहे. या चार गोष्टी जुळल्या म्हणून माणसे वाचतात. एखादी निखळली तर बाकीच्यांचा उपयोग होत नाही.

आपल्या पेडणे महालाला वैद्यकाची परंपरा नाही असे कोणी समजू नये. येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या मांद्रे गावी डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत ते होते. गोरगरिबांना त्यांनी मोफत औषध दिले. पणजीस १८४२ पासून वैद्यकाची शाळा होती, आजच्या गोमेकॉची ती पूर्वज. भाऊंना विद्येसाठी गाव सोडून मुंबईस जावे लागले, आणि ती विद्या परत या काठावर यावयास पुढे शंभर वर्षेही पुरली नाहीत. माझ्या काकांच्या बाबतीत आपण ते पाहिलेच. आज ती क्षणार्धात येऊ शकते. मात्र ती झेलणारे हात येथे पाहिजेत.

माझे उत्तर

तरुण विश्वस्तांच्या दृष्टीचे मी कौतुक करतो, आणि वडील सभासदांच्या काळजीलाही मान देतो. माझी सूचना अशी की चष्मा घ्यावा, पण तो तिसरा घ्यावा. पहिले आणि दुसरे काय, ते सांगतो.

पहिल्या वर्षी वाड्यावाड्यांतून मिळून वीस मुलगे व मुली निवडावेत आणि त्यांना प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण द्यावे. पडलेल्याला कसे उचलावे, रक्त कसे थांबवावे, बुडालेल्याची छाती कशी दाबावी, साप चावल्यास काय करू नये, एवढे त्यांस पक्के यावे. चोपडे, आगरवाडा, पार्से येथे ठरावीक घरी रुग्णाला बांधण्याच्या पट्ट्यांसह एकेक फळी ठेवावी. यास फारसा खर्च नाही. माडावरून पडणारी माणसे अजून आहेत, त्यात आता दुचाकीवरून पडणाऱ्यांची भर पडली आहे.

दुसऱ्या वर्षी दवाखान्यात पूर्ण वेळ पगारी परिचारिका नेमावी. रक्तदाब, साखर, हृदयालेख ही साधने तिच्या हाताशी असावीत. तज्ज्ञाशी बोलावयास आज साधा फोनही पुरतो. तो एका दांडीवर बसवून रुग्णासमोर ठेवता येतो. सरकारची ‘ई-संजीवनी’ ही दूरस्थ सल्ल्याची सेवा २०१९ पासून चालू आहे, तिचा उपयोग करावयास शिकावे. महिन्यातून किती वेळा सल्ला घेतला, पलीकडून उत्तर किती वेळात आले, वीज किंवा जाळे किती वेळा गेले, याची एका वहीत नोंद ठेवावी.

तिसऱ्या वर्षी ती वही पुढ्यात घेऊन बसावे. फोन धरावयास हात मोकळा नव्हता म्हणून काम अडले, जखम बांधता बांधता विचारावयाचे होते ते विचारता आले नाही, अशा नोंदी जर तीत वरचेवर आढळल्या, तर मग खुशाल एक चष्मा घ्यावा. शक्य तर तो भाड्याने किंवा वर्षाच्या कराराने घ्यावा. त्याआधी पलीकडे बसून पाहणाऱ्या इस्पितळाशी लेखी ठराव करावा, आणि रुग्णाच्या संमतीचा कागद सोप्या मराठीत छापून घ्यावा. वर्षाअखेर तो कामाचा ठरला नाही तर परत करावयास लाजू नये.

कोणी म्हणेल, डॉक्टरांनी गोड बोलून दोन वर्षे ढकलली. तसे नाही. चष्म्यातून दूरचा तज्ज्ञ सांगेल, “हळूच कुशीवर करा, मान वळू देऊ नका.” हे ज्या हातांनी करावयाचे ते शिकलेले नसतील, तर ती आज्ञा वाऱ्यावर जाईल. आणि हात शिकलेले असतील, तर ज्या दिवशी चष्मा बिघडेल, जाळे तुटेल, वीज जाईल, त्या दिवशीही माणूस वाचेल. चतुर्थीच्या दिवसांत धो धो पावसात विजेची काय अवस्था होते, हे आपणांस मी सांगावयास नको.

शेवटी एक वैयक्तिक विनंती. त्या वीस मुलांच्या शिक्षणाचा पहिल्या वर्षाचा खर्च मला उचलू द्यावा. माझ्या नावाची पाटी नको. काकांचेही नाव नको. ते संकोची होते. पण फळी कोठे ठेवली आहे हे त्या वाड्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असावे, एवढी एकच अट मी घालतो. आणि पहिली फळी आमच्या वाड्यावर ठेवावी. खुर्ची उचलण्यास जे धावले त्यांची नातवंडे आज तेथे राहतात. प्रसंग आला तर तीही तशीच धावतील, याविषयी मला शंका नाही. फक्त या वेळी त्यांना काय करावयाचे ते ठाऊक असेल.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी चार चार आणे जमवून या न्यासाचा पाया घातला, त्यांना आजचा चष्मा पाहून नवल वाटले असते. पण त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला असता की, याने आमच्या माणसाला वेळेवर मदत मिळेल ना? आपणही तोच प्रश्न विचारीत राहावे.